इंजिन खोलण्याआधी हवा भरून ऐका: नवख्यांसाठी लीक-डाउन टेस्ट

गाडी आयडलला थरथरते, घाटात दम टाकते. प्लग बदलून झाले, प्लगच्या वायरी बदलून झाल्या, तरी मिसिंग जात नाही. मग गॅरेजमध्ये ऑइलचं झाकण उघडलं जातं, त्यातून फुसफुसणारा धूर दिसतो आणि मिस्त्री सांगतो, "बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन काम काढावं लागेल." म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली निसटतोय. त्याचं म्हणणं खरं असूही शकतं. पण झाकणातून धूर तुंबलेल्या ब्रीदरमुळेही (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर नेणारा पाइप) येतो आणि मिसिंग एकाच जळालेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमुळेही होतं. ब्रीदरला पाइप साफ करणं पुरतं. व्हॉल्व्हसाठी हेड उतरवावं लागतं. रिंगा खरंच गेल्या असतील तर बोअरपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीपर्यंत, जाणं आलं. या तिन्हींच्या खर्चात फार मोठं अंतर आहे. नेमकं कुठे बिघडलंय हे इंजिन न खोलता सांगणारी चाचणी म्हणजे लीक-डाउन टेस्ट.

कल्पना साधी आहे. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टॉपला आणायचा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, म्हणजे सिलिंडर चहूबाजूंनी बंद डबा झालेला असतो. प्लगच्या भोकातून त्यात ठरावीक दाबाने हवा सोडायची आणि किती हवा निसटते ते गेजवर बघायचं. मग ती कुठून निसटते ते कानाने शोधायचं. माझ्या मते या चाचणीचा खरा उपयोग शेवटच्या भागात आहे. आकडा सगळे लिहून घेतात, ऐकायला मात्र फार थोडे थांबतात.

कॉम्प्रेशन टेस्टशी याची गल्लत करू नका. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये स्टार्टर मारून इंजिन स्वतः किती दाब तयार करतं ते मोजतात. तो आकडा बॅटरी उतरलेली असली, थ्रॉटल बंद राहिला किंवा टायमिंग बेल्ट एक दात सरकलेला असला तरी खाली येतो. शिवाय कमी आला तर का कमी आला, ते सांगत नाही. लीक-डाउनमध्ये इंजिन स्थिर असतं, दाब बाहेरून येतो, त्यामुळे बॅटरीचा प्रश्नच नाही. शहाणा माणूस आधी कॉम्प्रेशन टेस्ट करतो, कारण ती दहा मिनिटांत होते, आणि जो सिलिंडर कमी दाखवेल त्याला लीक-डाउन लावतो.

विमानाच्या पिस्टन इंजिनांवर ही पद्धत रोजच्या कामातली आहे. अमेरिकी नियमांप्रमाणे दर 100 तासांच्या तपासणीत सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघावं लागतं आणि ते याच दोन गेजांच्या पद्धतीने, 80 पीएसआय हवा देऊन बघतात. 80 पैकी 72 टिकला तर नोंद 72/80 अशी लिहितात. सेसना 172 सारख्या प्रशिक्षणाच्या विमानाच्या लॉगबुकात असे चार आकडे हमखास सापडतात, प्रत्येक सिलिंडरचा एक.

खाली उदाहरणाला मी मारुती 800 चं जुनं एफ8बी इंजिन धरलंय. तीन सिलिंडर, 796 सीसी, 68.5 मिमी बोअर आणि 72 मिमी स्ट्रोक. बॉनेट उघडलं की हाताला सगळं लागतं, शिकायला याहून सोपं इंजिन मिळणं कठीण. बाकी पेट्रोल इंजिनांना पायऱ्या त्याच.

काय लागेल

दोन गेज असलेला टेस्टर. एका गेजवर आत जाणारा दाब दिसतो, दुसऱ्यावर सिलिंडरमध्ये टिकलेला. दोघांच्या मधे बारीक छिद्र असतं. विमानाच्या लहान सिलिंडरसाठी ते 0.040 इंच, म्हणजे साधारण 1 मिमी असतं. सिलिंडर अजिबात गळत नसेल तर दोन्ही काटे सारखे राहतात. गळत असेल तर छिद्रातून तेवढी हवा भरून निघत नाही आणि दुसरा काटा खाली येतो. स्वस्तातल्या काही टेस्टरचं छिद्र वेगळं असतं, काही अगदी कमी दाबावर, 15 पीएसआयच्या आसपास चालतात. म्हणून एका टेस्टरचा टक्का दुसऱ्या टेस्टरच्या टक्क्याशी लावून बघण्यात अर्थ नाही. एकच टेस्टर कायम वापरा.

हवेसाठी टाकी असलेला कॉम्प्रेसर हवा. सिगारेट सॉकेटला लावायचा टायर पंप इथे चालत नाही. तो दाब दाखवतो, पण सतत निसटणाऱ्या हवेला पुरत नाही. घरी कॉम्प्रेसर नसेल तर ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे गाडी नेलेली बरी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, टाकीच्या तळाशी पाणी साचतं. ते आधी काढून टाका, नाहीतर सिलिंडरमध्ये फवारा जाईल.

याशिवाय प्लग पाना, क्रँक पुलीच्या बोल्टला बसणारा गोटी पाना आणि लांब दांडा, प्लगच्या आट्यांचा अडॅप्टर, चाकांना लावायला दोन-तीन लाकडी ठोकळे, हातभर रबरी नळी, जाड स्ट्रॉ किंवा प्लास्टिकची कांडी, वही. मारुती 800 ला 14 मिमी आट्यांचे प्लग असतात. मोटरसायकलींना बहुतेक 10 किंवा 12 मिमी. अडॅप्टरच्या टोकाला व्हॉल्व्ह पिन असेल तर ती काढा. कॉम्प्रेशन गेजच्या नळीत अशी पिन असते आणि ती चुकून वापरली तर हवा आत नीट जात नाही.

गाडी तयार करणं

इंजिन चालवून नेहमीच्या तापमानाला आणा. थंड इंजिनात पिस्टन पुरता फुगलेला नसतो, रिंगांवर ऑइलही नीट पसरलेलं नसतं, त्यामुळे गळती जास्त दिसते. मग बंद करून वरचा रेडिएटर होज हाताने धरता येईल इतकं निवू द्या. हे दोन कारणांसाठी. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, कडक तापलेल्या हेडमधून प्लग काढताना आटे ओरबाडले जातात. आणि पुढे रेडिएटरचं झाकण उघडायचं आहे. ते तापलेलं उघडलं तर उकळतं पाणी थेट अंगावर येतं.

आता इग्निशन आणि पेट्रोल दोन्ही तोडा. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत कॉइलची वायर काढा, इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज. किल्ली खिशात ठेवा. गाडीत कोणी बसलेलं असेल तर त्यालाही सांगा.

प्लगांच्या खड्ड्यांतली धूळ फुंकून काढा आणि मगच सगळे प्लग काढा. फक्त एक काढून भागत नाही, कारण बाकीच्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन क्रँक फिरवताना हाताला झोंबतं. कोणता प्लग कुठला ते ओळीने मांडून ठेवा. एकच काळा आणि तेलकट असेल तर पुढच्या कामाचा अर्धा अंदाज इथेच येतो.

एअर फिल्टर काढा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून अडकवा. कार्ब्युरेटर असेल तर चोकची पट्टीही उघडी. ऑइलचं झाकण काढा, डिपस्टिक वर ओढून ठेवा. ब्रीदरचा पाइप एअर फिल्टरकडे किंवा मॅनिफोल्डकडे जातो, तो सोडवून बोळ्याने बंद करा. याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. रिंगांमधून सुटलेली हवा क्रँककेसमधून ब्रीदरच्या वाटेने कार्ब्युरेटरपाशी निघते आणि ऐकणाऱ्याला वाटतं इनटेक व्हॉल्व्ह गळतोय.

रेडिएटरचं झाकण, हाताला सोसेल तेव्हा, उघडा आणि पाणी काठोकाठ भरा.

टॉप शोधणं

नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जावा. टॉप चुकला तर पुढचं सगळं खोटं.

चार स्ट्रोकच्या चक्रात पिस्टन दोनदा टॉपला येतो, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. आपल्याला पहिला हवा. दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. तिथे हवा सोडली तर सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर दोन्हीकडून धो धो आवाज येतो आणि गेज जवळजवळ शून्यावर पडतं. असं झालं तर घाबरू नका, इंजिन काही गेलेलं नाही. क्रँक पूर्ण एक फेरी फिरवा, तुम्ही बरोबर जागी असाल.

ओळखायचं कसं? पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला क्रँक हळू फिरवायला सांगा. दाब अंगठा उचलायला लागला की कॉम्प्रेशन स्ट्रोक सुरू झाला. आता भोकात स्ट्रॉ घाला. तो पिस्टनवर टेकून वर येत राहील. वर यायचा थांबला आणि खाली जायच्या बेतात असला की टॉप. धातूची सळई घालू नका, ती तिरकी अडकली तर पिस्टनला ओरखडा पाडते. पेन्सिलही नको, टोक मोडून आत राहतं. पुलीवरची टायमिंगची खूण जुळते का ते पडताळून बघा.

जुन्या 800 ला डिस्ट्रिब्युटर आहे, त्यामुळे आणखी एक सोय मिळते. टोपी काढली की रोटर ज्या सिलिंडरच्या वायरकडे बघतो, तो सिलिंडर कॉम्प्रेशनवर. रॉकर कव्हर उघडायची तयारी असेल तर त्याहून चांगलं: टॉपला असलेल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बोटाने हलवले तर किंचित खुळखुळतात.

क्रँक नेहमी इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा. टॉप ओलांडून पुढे गेलात तर उलटा फिरवून आणू नका, दोन फेऱ्या पुढे घेऊन पुन्हा त्याच जागी या. उलट फिरवल्याने बेल्टचा ताण बदलतो, आणि रिंगा आपल्या खाचेत ज्या बाजूला टेकायला हव्यात त्या बाजूला टेकत नाहीत.

एफ8बी ची फायरिंग ऑर्डर 1-3-2. एका सिलिंडरचा टॉप झाला की क्रँक 240 अंश फिरवल्यावर पुढचा येतो. चार सिलिंडरच्या इंजिनात, जिथे ऑर्डर बहुधा 1-3-4-2 असते, तिथे दर अर्ध्या फेरीला. पुलीवर खडूने खुणा केल्या तर दर वेळी स्ट्रॉ घालत बसावं लागत नाही, तरी पहिल्यांदा करताना घालाच.

हवा सोडणं

टेस्टर जोडण्याआधी एक हिशोब करून बघा. 68.5 मिमी बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास 37 चौरस सेंटिमीटर. 100 पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला 7 किलो. गुणाकार केला तर पिस्टनवर अडीचशे किलोंहून जास्त भार पडतो. पिस्टन अगदी नेमका टॉपला असेल तर हा भार कनेक्टिंग रॉडमधून सरळ खाली जातो आणि काही हलत नाही. चार-दहा अंश इकडेतिकडे असेल तर क्रँक झटक्यात फिरतो, आणि त्याच्या बोल्टवर पाना राहिलेला असेल तर तो पाना मनगट मोडू शकतो. म्हणून हवा सोडण्याआधी पाना काढलेला असला पाहिजे. फॅन आणि बेल्टजवळ कोणाचा हात नको.

क्रँक अडकवायला गाडी टॉप गियरला टाका, हँडब्रेक ओढा आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. 800 ची ड्राइव्ह पुढच्या चाकांना आणि हँडब्रेक मागच्या चाकांना आहे, त्यामुळे नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. मदतनीस असेल तर त्याला ब्रेकवर पाय देऊन बसवा.

आता क्रम. टेस्टरचा रेग्युलेटर पूर्ण सैल करा आणि मगच कॉम्प्रेसरची नळी जोडा. सिलिंडरकडची नळी अजून मोकळी, तिचं कपलिंग बंद. रेग्युलेटर हळूहळू कसून 100 पीएसआयवर आणा. दोन्ही काटे एकाच आकड्यावर आले पाहिजेत. नसतील तर टेस्टरच गळतोय किंवा गेज बिघडलंय, आधी ते बघा. कॉम्प्रेसर 100 ला पोचत नसेल तर 80 वर करा, फक्त सगळ्या सिलिंडरांना तोच दाब ठेवा.

दाब परत खाली आणा. अडॅप्टर हाताने प्लगच्या भोकात कसा, ओ-रिंग टेकेपर्यंत, पान्याने नाही. नळी जोडा. 10-15 पीएसआय सोडा आणि पुली बघा. हलली तर टॉप बरोबर नाही, हवा बंद करा आणि पुन्हा जुळवा. हलली नाही तर सावकाश पूर्ण दाबावर न्या. काटा स्थिर झाला की दोन्ही आकडे लिहा.

टक्का काढायची रीत: आत जाणाऱ्या दाबातून टिकलेला दाब वजा करा, त्याला आत जाणाऱ्या दाबाने भागा, 100 ने गुणा. 100 पैकी 88 टिकला तर गळती 12 टक्के. 80 पैकी 72 टिकला तर 10 टक्के. 100 पीएसआयवर करण्याचा हाच फायदा, गणित डोक्यातच होतं.

ऐकणं

हवा चालू ठेवूनच हे करायचं. कॉम्प्रेसरची मोटर बंद करा, टाकीतली हवा तेवढा वेळ पुरते. गॅरेजातला रेडिओ आणि पंखाही बंद. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं संशयाच्या जागी.

कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटलच्या तोंडाशी सूं ऐकू आलं तर इनटेक व्हॉल्व्ह बसत नाही. सायलेन्सरच्या टोकाशी आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. सायलेन्सर लांब असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर आवाज आणखी दबतो, म्हणून टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. ती फुगली किंवा फडफडली तर पुरावा मिळाला. काहीजण अगरबत्तीचा धूर धरून बघायला सांगतात. पेट्रोलच्या गाडीवर, तेही उघड्या कार्ब्युरेटरजवळ, तो प्रकार मुळीच करू नका.

ऑइलच्या झाकणाच्या किंवा डिपस्टिकच्या भोकातून आवाज आला तर हवा रिंगांच्या बाजूने खाली उतरतेय. इथे मात्र तोल सांभाळा. प्रत्येक रिंगला तोंडाची फट असते, त्यामुळे चांगल्या इंजिनातही इथे बारीक फुसफुस असतेच. नवखा माणूस ती ऐकतो आणि रिंगा गेल्या म्हणून मोकळा होतो. तीनही सिलिंडरांचा हा आवाज एकामागून एक ऐका. तिन्ही सारखे असतील आणि टक्काही कमी असेल तर ते इंजिनाचं नेहमीचं बोलणं आहे. एक मोठ्याने आला तरच बोट ठेवा.

रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट उडालंय किंवा हेडला, क्वचित ब्लॉकला, चीर आहे. लहान गळतीचे बुडबुडे लगेच येत नाहीत, चार-पाच मिनिटं पाण्याकडे बघत राहा. गाडी पाणी खात असेल, सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर देत असेल, मधेच कधी तापली असेल तर इथे जास्तच वेळ द्या. काठोकाठ भरलेलं पाणी हळूहळू वर चढून सांडायला लागलं तरी तो होकारच समजा.

शेजारच्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर दोन सिलिंडरांमधला गॅस्केटचा पट्टा जळालाय, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. बहुतेकदा ते खरं असतं. पण दुसरीही वाट आहे. गळणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हमधून हवा मॅनिफोल्डमध्ये जाते, आणि ज्या सिलिंडरचा इनटेक त्या क्षणी उघडा असेल त्याच्या प्लगच्या भोकातून बाहेर पडते. फरक असा करायचा: थ्रॉटलच्या तोंडाशीही आवाज असेल तर आधी व्हॉल्व्हवर संशय घ्या. थ्रॉटल शांत आहे आणि फक्त लगतच्या भोकातून जोराची हवा येतेय, तर गॅस्केट.

एकाच सिलिंडरची हवा दोन ठिकाणांहून येणं अगदी नेहमीचं. मोठा आवाज कोणता ते लिहून ठेवा.

आकड्याला किती किंमत द्यायची

ढोबळ मानाने 10 टक्क्यांच्या आत उत्तम, 20 पर्यंत चाललेल्या इंजिनाला ठीक, 20 ते 30 म्हणजे झीज झाली आहे, 30 च्या वर काहीतरी शोधायला हवं. या रेषा दगडावरच्या नाहीत. टेस्टर, तापमान आणि बोअर यांनी आकडा इकडेतिकडे होतो.

मी सिलिंडरांमधला फरक आधी बघतो. समजा आकडे 18, 20 आणि 19 आले. इंजिन जुनं आहे, पण सारखं झिजलंय, आणि मिसिंगचं कारण बहुधा दुसरीकडे आहे. आता समजा 9, 11 आणि 34 आले. 34 वाल्यात आजार आहे आणि कुठे आहे ते तुम्ही आत्ताच ऐकलंय. तिन्ही 40 च्या पुढे आले आणि गाडी तरीही बऱ्यापैकी पळतेय, तर इंजिनावर नाही, टेस्टरवर किंवा तुमच्या टॉपवर संशय घ्या.

निकाल देण्याआधी

वाईट आकडा आला की लगेच हेड उतरवू नका. आधी टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातला गॅप, बघा. व्हॉल्व्हचा गॅप शून्यावर आला असेल तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकतच नाही, आणि चांगला व्हॉल्व्हसुद्धा गळका दिसतो. फीलर गेजने गॅप मॅन्युअलप्रमाणे लावा आणि पुन्हा हवा सोडा. कधीकधी काम इथेच संपतं.

सीएनजी आणि एलपीजीच्या गाड्यांत हे विशेष बघण्यासारखं आहे. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्ह आणि सीटमध्ये पेट्रोलसारखा ओलावा राहत नाही, सीट हळूहळू आत बसत जाते आणि गॅप कमी होत जातो. आवाज उलट शांत होतो, म्हणून मालकाला वाटतं इंजिन सुधारलं. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेली ओम्नी मिसिंग करायला लागली तर माझा पहिला अंदाज एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा असतो, रिंगांचा नाही.

दुसरी शंका कार्बनची. सीटवर कार्बनचा कपचा अडकला तरी व्हॉल्व्ह गळतो. रॉकर कव्हर उघडं असेल तर हवा चालू ठेवून रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या टोकावर लाकडी मुठीने हलकेच टिचक्या मारा. कपचा उडाला तर काटा लगेच वर चढतो. चढला तर गाडी थोडी चालवून आणा आणि पुन्हा तपासा.

रिंगांचा संशय असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला, क्रँक दोन-तीन फेऱ्या फिरवून परत टॉपला आणा आणि पुन्हा मोजा. ऑइल रिंगांभोवतीची फट थोडा वेळ बुजवतं. गळती ठळक कमी झाली तर रिंगा किंवा बोअर. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चमचाभर म्हणजे चमचाभरच. जास्त घातलं तर वरची पोकळी ऑइलनेच भरते आणि आकडा फसवतो. प्लग परत बसवण्याआधी भोकांवर फडकं धरून स्टार्टर मारून ते ऑइल बाहेर काढा, नाहीतर पहिल्या स्टार्टला इंजिन अडेल.

या चाचणीला काय दिसत नाही

कॅमचा लोब (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) झिजला असेल आणि व्हॉल्व्ह पुरता उघडतच नसेल तरी लीक-डाउन चांगलाच येईल, कारण आपण फक्त बंद होणं तपासतोय. सरकलेलं टायमिंगही सहसा निसटतं. बोअरला खालच्या भागात ओरखडा असेल तर टॉपला असलेल्या पिस्टनच्या रिंगा त्याच्या वर असतात, तो कळत नाही. व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल खाणारी गाडी इथे निरोगी दिसते. म्हणून लीक-डाउन चांगला आणि कॉम्प्रेशन कमी, अशी जोडी आली तर कॅम आणि टायमिंगकडे वळा.

मोटरसायकलला हीच रीत, फक्त क्रँक धरून ठेवायला टॉप गियर आणि मागच्या ब्रेकवर पाय. सिलिंडर एकच, त्यामुळे तुलनेला शेजारी नाही, आवाजावरच जास्त भिस्त ठेवावी लागते. डिझेल गाडीत अडॅप्टर ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकात बसतो. ते भोक उघडणंच जिकिरीचं असतं, पहिला प्रयोग डिझेलवर करू नये.

गॅरेजला काय सांगाल

आवाज कार्ब्युरेटर किंवा सायलेन्सरकडून असेल तर काम हेडपुरतं आहे: व्हॉल्व्ह, सीट, गाइड, लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं). पिस्टन बाहेर काढायचं कारण नाही, आणि "उघडलंच आहे तर हाफ इंजिन करून घेऊ" याला वहीतले आकडे आणि आवाजाची नोंद दाखवून नाही म्हणता येतं. बुडबुडे असतील तर नुसतं नवं गॅस्केट घालून घेऊ नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक बघायला सांगा, वाकलं असेल तर फेसिंग करूनच, म्हणजे तळ घासून सपाट करूनच, बसवा. आवाज ऑइलच्या झाकणातून मोठा असेल आणि चमचाभर ऑइलने तो कमी झाला असेल, तर मग बोअर मोजायची वेळ आली.

हेड वर्कशॉपमधून परत आलं की गाडीवर चढवण्याआधी ते उलटं ठेवा, प्लग बसवा, कंबशन चेंबरमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओता आणि पोर्टमध्ये डोकावून बघा. काही मिनिटांत ओल उतरली तर लॅपिंग कच्चं आहे, तिथूनच परत पाठवा. सगळं बसवून गाडी शे-दोनशे किलोमीटर चालली की त्याच टेस्टरने, त्याच दाबावर पुन्हा मोजा आणि नवे आकडे वहीत जुन्यांच्या शेजारी लिहा.